जलगुरूंची तांब्याची पेटी

पाण्याच्या टाकीखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. दुकानदार, शिक्षक, नगरसेवक, सगळे माना उंचावून टाकीच्या मुख्य मीटरकडे बघत होते. जलगुरूंनी तांब्याची एक छोटी पेटी मीटरवर ठेवली, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटले. गरगर फिरणारा काटा एकदम रेंगाळू लागला.

"गळती थांबली!" नगराध्यक्ष ओरडले.

"गळती कुठली?" जलगुरू हसले. "पाणी रुसलं होतं. आम्ही फक्त समजूत काढली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. मी पाणीपुरवठ्याचा अभियंता. टाकीतून निघालेल्या शंभर बादल्यांपैकी चाळीस वाटेतच जिरतात, जुने पाइप बदलायला हवेत, त्यासाठी पाणीपट्टी थोडी वाढवायला हवी, हे मी तीन वर्षं घसा कोरडा करून सांगत होतो. पण निवडणूक तोंडावर होती. दरवाढीपेक्षा रुसवा परवडतो.

पेटी मीटरवरच राहिली. पंधरा दिवसांत गळती चाळिसावरून शून्यावर आली. तिसऱ्या आठवड्यात तर कमालच झाली. टाकीतून शंभर बादल्या निघाल्या आणि घरांत पोचल्या एकशे वीस!

"वाटेत वाढलं," जलगुरू म्हणाले. "पाणी प्रसन्न झालं की वाढतंच."

लगेच प्रस्ताव आला. पाइप बदलण्याचं काम रद्द, तो सगळा निधी जलगुरूंना. प्रत्येक चौकात एकेक पेटी.

घरोघरचे मीटर वाचणाऱ्या मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. बावीस वर्षांची नोकरी, आवाज कधी चढलेला नाही.

"साहेब, एकशे वीस कुठून आल्या?"

"मावशी, जाऊ द्या ना. वरूनच ठरलंय."

"खालच्या आळीत पाइप गटारातून जातो. फुटलाय. माझी भाची काविळीने दवाखान्यात आहे. जाऊ कसं देऊ?"

मला त्यांच्याकडे बघवेना. बीजगणित शिकलेला मी, आणि साधी वजाबाकी विचारायला त्या आल्या होत्या. "उद्या टाकीखालीच सभा आहे," मी म्हणालो. "तिथे विचारा. मी तुमच्या बाजूला उभा राहतो."

सभेत मावशी सरळ मीटरपाशी गेल्या. "महाराज, पेटीत काय आहे?"

"श्रद्धा."

"आणि पेटी तांब्याची?"

"शुद्ध तांब्याची."

मावशींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून पेटीला लावला आणि हात सोडला. जुडगा तिथेच चिकटला. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काल या मीटरची काच पुसताना असाच चिकटला," मावशी म्हणाल्या आणि गर्दीतल्या शाळामास्तरांकडे वळल्या. "तांब्याला लोखंड चिकटतं का हो, गुरुजी?"

मास्तरांना उत्तर द्यावंच लागलं. "नाही. आत लोहचुंबक असेल."

"हात लावू नका! पाणी कोपेल!" जलगुरू किंचाळले. एव्हाना मी पेटी उचलली होती. काटा पुन्हा गरगर फिरू लागला. पेटी ठेवली, मंदावला. उचलली, सुटला. पाचव्या वेळेला पोरंटोरंही "सुटला!" म्हणून ओरडायला लागली.

"मीटरच्या आत काटा चुंबकाच्या जोरावर फिरतो," मी सांगितलं. "बाहेरून दुसरा चुंबक लावला की तो अडखळतो. पाणी मात्र तेवढंच वाहतं. गळती तसूभरही कमी झाली नाही, आपण फक्त मोजायचं थांबवलं. टाकीतून दोनशे बादल्या निघाल्या तरी या मीटरने शंभरच मोजल्या; घरांचे मीटर खरं बोलत होते, म्हणून कागदावर वीस बादल्या जास्त दिसल्या."

जलगुरू गर्दीतून कधी सटकले, कळलंच नाही. नगराध्यक्ष मात्र "मला पहिल्यापासून शंका होतीच," असं तीन जणांना सांगत होते.

प्रस्ताव बारगळला. पाणीपट्टी वाढली, आणि जलगुरूंना खांद्यावर घ्यायला निघालेले लोक मावशींना दारावर चार शब्द ऐकवू लागले. त्या निमूट मीटर वाचून पुढे जात. खालच्या आळीचा पाइप मात्र सगळ्यात आधी बदलला गेला. जुना बाहेर काढला तेव्हा त्याला मनगट जाईल एवढं भोक होतं. ते मी सगळ्या नगरसेवकांना वाकून बघायला लावलं.

मंत्राने पाइप सांधता येत नाही. त्याला प्लंबर लागतो आणि पैसे लागतात. कुणी फुकटात चमत्कार देऊ लागलं तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: शंभराचे एकशे वीस झाले कसे? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.