तीनशे मुंडूंचा आवाज

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरवाला आणि लेथवाला यांच्या मधल्या गाळ्यात, जहांआरा आणि मोहिद्दीन यांची लाँड्री होती. दहा वर्षं त्या गाळ्यात एकच रंग धुतला गेला. साइटवरच्या कामगारांचे निळे, अंगभर कव्हरॉल यायचे, कॉलरच्या आत मार्करने नंबर घातलेले. जहांआरा त्या माणसांना चेहऱ्याने ओळखत नसे, नंबराने ओळखायची. एकशे सात फरशीवाला, गुडघे कायम सिमेंटने कडक. चारशे बारा ताडासारखा. त्याच्या कव्हरॉलच्या पायाची शिवण उसवून लांबी वाढवून दिली होती ती तिनेच.

मग २००८ ची बकरी ईद आली आणि क्रेन थांबल्या. आधी एक कंपनी गेली, मग दुसरी. ओहोटीला खाडी रिकामी व्हावी तसा निळा रंग गाळ्यातून ओसरला. पुढच्या डिसेंबरात दुकानाचं लायसन्स संपत होतं. मोहिद्दीनने सांगून टाकलं, महिनाअखेरीपर्यंत काम आलं तर दुकान राहील, नाहीतर खलास. सामान बांधायचं आणि रत्नागिरी गाठायची. पाचवीतली यम्ना म्हणाली, "बट व्हॉट अबाउट माय स्कूल?"

अशा दिवसांत शोभना आली. मल्याळम सिनेमाची कपडे सांभाळणारी बाई, गळ्यात टेप, कानामागे खडू. सिनेमा केरळच्या राजकारणावरचा, रहस्याचा. एवढा पैसा निर्मात्यांनी आधी कुठल्या सिनेमात ओतला नव्हता म्हणे. हाकलून दिलेला म्हातारा नेता, आखातातून वाहणारा पैसा, एक हरवलेली फाइल. शेवटचा मोठा सीन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कजवळ, मंदीत अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत होणार होता. अपमान गिळून म्हातारा पायऱ्या चढतो आणि खाली उभे असलेले तीनशे कार्यकर्ते एकाच क्षणी मुंडू खाली सोडतात.

मोहिद्दीनला अर्थ लागला नाही, तेव्हा शोभनाने हिंदीत समजावलं. तिकडे पांढरं मुंडू, म्हणजे त्यांची लुंगी, गुडघ्यावर दुमडून खोचतात. मान द्यावा असं माणूस समोर आलं की खोचा सोडायचा, कापड घोट्यापर्यंत उतरू द्यायचं. डायरेक्टरला त्या क्षणी संगीत नको होतं. त्याला फक्त कापडाचा आवाज हवा होता. दुबईतल्या मोठ्या लाँड्रीने मशीनवर खळ दिली, तर मुंडू पडली ओल्या पोतेऱ्यासारखी, मुकी.

"आवाज करेल असं कापड देशील का, इत्ता?" शोभनाने विचारलं. त्यांच्याकडे मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला इत्ता म्हणतात. जहांआरा म्हणाली, देईन की, चेची. आणि चेची म्हणजेही थोरली बहीणच. पुढचे कितीतरी दिवस दोघी एकमेकींना थोरली करत राहिल्या, धाकटेपण सोडायला एकही तयार नव्हती.

जहांआराने जीव ओतला. तांदळाची खळ शिजवली, गाळली, आणि रत्नागिरीला ईदेच्या कुर्त्यांना देतात तशी शेवटच्या पाण्यात निळीची चिमूट टाकली. तीनशे मुंडू अशी पांढरी निघाली की मोहिद्दीन डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "यम्नाचे अम्मी, आता हे बघायला गॉगल आणावा लागणार."

सीनच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं गठ्ठे घेऊन इमारतीवर पोचली. शोभनाने एक मुंडू एका माणसाला नेसवलं, त्याने खोचा सोडला, आणि वाळक्या केळीच्या पानासारखी सळसळ झाली. साउंडवाल्याने मान डोलावली. मग कॅमेरामनने डोळा लावला, आणि लगेच काढला.

तो मल्याळममध्ये बोलला ते शोभनाने खाली मान घालून सांगितलं. पांढरं फार पांढरं झालंय. कॅमेऱ्यात एक घडी दिसत नाही, कागदाची बाहुली उभी केल्यासारखा माणूस दिसतो. आणि नीळ तर चेहरे आजारी करते. ही तीनशे चालणार नाहीत.

जिने आयुष्यभर डाग काढले तिच्या पांढऱ्यातच खोट निघाली. मोहिद्दीन गठ्ठे पुन्हा पिकअपमध्ये चढवायला लागला. त्याच्या पाठीकडे बघताना जहांआराला रत्नागिरीचं तिकीटच दिसलं.

शोभनाने तिला थांबवलं. सिनेमात पांढरं कापड चहाच्या पाण्यातून काढायची रीत आहे, ती म्हणाली, पण चहाने भडक पांढरेपणा उतरेल, तशी खळही उतरेल; मग आवाज कुठून आणायचा? उद्या सकाळी नऊला कॅमेरा सुरू होणार. जहांआराने चहात एक मुंडू बुडवून पाहिलं. रंग बरा आला, पण कापड लुळं पडलं.

हात पुसत ती मागच्या बाजूला गेली. तिथे युनिटचं स्वयंपाकघर होतं. चारशे माणसांचा भात शिजत होता, केरळचा जाडा, लालसर, उकडा तांदूळ. आचारी टोपाला फडकं लावून पेज निथळत होता आणि ती सरळ मातीत जात होती. जाड पेज, साय धरलेली, दुधात केशराचा एक धागा विरघळावा तशा रंगाची.

"थांब," जहांआरा म्हणाली, "ओतू नकोस."

तिने रुमालाचं टोक त्यात बुडवलं आणि उन्हात धरलं. डिसेंबरचं असलं तरी ऊन वाळवंटातलं. बघता बघता टोक वाळलं. रंग कोऱ्या, न धुतलेल्या सुताचा. आणि बोटांत दाबलं तर कुरकुरलं. चहा आणि खळ, दोन्ही एकाच टोपात शिजत होती.

मग कामाला हात लागले. आधी साध्या पाण्यात नीळ काढायची, मग पेजेत बुडवायचं, पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. दोऱ्या बांधायला इमारतीचे उघडे खांब होतेच. लोखंडी सळया आभाळाकडे काढून वर्षभर उभी असलेली ती इमारत दुपारपर्यंत एकेका मजल्याने नेसत गेली. लग्नघरात हळद कुटताना बायकांच्या ओठी येतं तसं जहांआराच्या ओठी आलं,

भाताची माझी पेज, नको ओतूस मातीला
तिच्या गं बळावर ताठ कणा ह्या सुताला

शाळेतून टॅक्सीने आलेली यम्ना नाक मुरडून म्हणाली, "मम्मी, इट स्मेल्स." पण दप्तर ठेवून तीही दोरीचं टोक धरायला लागली. कापड अर्धवट ओलं असतानाच मोहिद्दीनने इस्त्री मारली, शोभनाने घड्या घातल्या. मावळतीला मगरीबची अजान झाली तेव्हा तीनशेवं मुंडू ताठ घडीत बसलं होतं.

सकाळी कार्यकर्ते व्हायला आलेली माणसं रांगेत उभी राहिली. ती आसपासच्या कामगार कॅम्पमधली होती, साइट बंद पडल्यामुळे परतीची वाट बघणारी. मलबारी माणसं बिहारच्या पोरांना खोचा कसा मारायचा शिकवत होती, आणि बिहारी पोरं म्हणत होती, हे सुटलं तर सिनेमा वेगळाच होईल. जहांआरा मुंडू वाटत पुढे सरकत होती. एका ताडासारख्या माणसाला मुंडू आखूड पडेल म्हणून शोभना चिंतेत पडली. जहांआराने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"चारशे बारा?" तिने विचारलं.

माणूस गोंधळला, मग हसला. तुम्हाला कसं कळलं, त्याने हिंदीत विचारलं. तिने सांगितलं, तुझे कपडे पाच वर्षं धुतलेत रे मी, माणूस आज बघतेय. आणि सगळ्यांत मोठ्या पन्ह्याचं मुंडू तिने त्याच्या हातावर ठेवलं.

नऊ वाजता कॅमेरा सुरू झाला. म्हातारा पायऱ्या चढू लागला. पहिल्या पायरीला विरोधकांची शिवी, चौथ्या पायरीला त्यांचं थुंकणं, सातव्या पायरीला तो वळला. आणि तीनशे खोचे एकदम सुटले.

भरतीची लाट खडकावर फुटून वाळूत पसरते, तसा तो आवाज होता. आधी एक सपकारा, मग लांबवर सरकत गेलेली सळसळ, मग शांतता. त्या उजेडात प्रत्येक मुंडूची प्रत्येक घडी दिसत होती. साउंडवाल्याने हेडफोन काढून डायरेक्टरच्या कानाला लावला. डायरेक्टरने दुसरा टेक मागितला नाही. कॅमेरामन चालत जहांआरापर्यंत आला, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला की हा पांढरा त्याच्या घरचा आहे.

त्याच दुपारी शोभनाने सिनेमातल्या उरलेल्या सगळ्या कपड्यांची धुलाई जहांआराच्या नावावर केली. महिना संपायच्या तीन दिवस आधी मोहिद्दीन नवं लायसन्स घेऊन आला आणि ते भिंतीवर लावायला खिळा ठोकताना उगीचच दोनदा ठोकला.

सिनेमा पुढच्या वर्षी शारजात लागला. थिएटर मलबारी माणसांनी गच्च भरलं होतं. संवाद तिघांनाही कळत नव्हते, पण सातवी पायरी आली तेव्हा यम्नाने अम्मीचा हात धरला. अंधारात तो आवाज फुटला आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारत उभं राहिलं.

"मम्मी," यम्ना म्हणाली, "दॅट्स यू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिद्दीनने शटर वर केलं तर बाहेर बारा-तेरा माणसं, त्या सीनमध्ये उभ्या राहिलेल्यांकडून पत्ता काढत आलेली, प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत पांढरे कपडे. ओणम तोंडावर होता. पहिल्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि जरा लाजत विचारलं, "इत्ता, ती आवाजवाली खळ देता ना?"

जहांआराने पाठीमागे बघितलं. पेजेला नुकती उकळी फुटत होती.

"देते," ती म्हणाली. "रांगेत या."