गरम सीट आणि नाल्याची रेती

गाडी मिलसमोर येऊन उभी राहिली तेव्हा अख्खं कुरखेडा बघायला लोटलं होतं, असं नईम पुढे सांगायचा. ते काही खरं नाही. दहा-बारा माणसं होती, दोन बकऱ्या होत्या आणि राइस मिलचे मालक गुणवंतराव कमरेवर हात ठेवून उभे होते. चंद्रपूरचा गाड्यांचा दलाल सैफ मात्र अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. खाणीच्या कामावर आलेला कुणी परदेशी साहेब मायदेशी परतला, त्याची ही गाडी.

"सीट गरम होते, शेठ! बटण दाबा, खालून ऊब सुरू. आणि वरून ट्रॅक्शन कंट्रोल! चाक घसरलं की गाडी सोताच सांभाळते."

"सीट गरम?" ड्रायव्हर नईम म्हणाला. "आमच्या इथी मे महिन्यात बिनाबटणाची गरम होते. पापड भाजून घ्या तिच्यावर!"

लोक खो-खो हसले. नईमही खूश झाला. बावीस वर्षं तो गुणवंतरावांची जीप चालवत होता, आणि कोणत्या खड्ड्यात कोणता गिअर हे त्याच्या पायालाच ठाऊक होतं. त्याला कोण परदेशी बटण शिकवणार?

तेवढ्यात मालकांचा मुलगा सुनील म्हणाला, "नईमचाचा, मंग तुमची सुट्टी! सारं गाडीच करते त मी बी चालवीन."

पोरगं गमतीत बोललं, पण नईम मनात हिशोब मांडू लागला. चोपन्न वर्षांचं वय. लेक आफ्रीनचं डी.एड. संपायला अजून एक वर्ष. या वयात घरी बसवलं तर दुसरं कोण स्टेअरिंगवर बसवणार?

आणि गुणवंतरावांनी नेमकं त्याच्याच गळ्यात घोंगडं टाकलं. "नईमभाऊ, मले यातलं काई समजत नाई. या दोन गोष्टींपायीच गाडी महाग हाये. कामाच्या असतीन त घेऊ, नाई त जीप का वाईट हाये? तूच चालवून पाह्य अन् सांग."

"चालवूनच पाहाचं हाये त सुकरीकडे चाला," आतून आवाज आला. मालकांची आई, धुरपताबाई. दोन वर्षांपूर्वी मिलच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून बाईची कंबर गेली होती. सुकरी तिची लहानपणची मैत्रीण, कोरचीच्या पलीकडे जंगलातल्या गोंडांच्या गावात राहायची. दरवर्षी धान घरात आलं की बाई नव्या पोह्यांची पोटली घेऊन तिच्याकडे जायची. दोन वर्षं झाली, जीपचे हादरे सोसत नव्हते. "दोन साल मी दिसली नाई. सुकरीले वाटत असन, धुरपता मेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जानेवारीची थंडी अशी की, नईमने कानाला मफलर गुंडाळला होता. बाई पुढे त्याच्या शेजारी, गुणवंतराव आणि सैफ मागे. सैफने मागून हात लांबवून बाईच्या सीटचं बटण दाबलं. जरा वेळाने बाई दचकली.

"अगे माय! तव्यावर बसवलं का रे मले?"

"बंद करू, आजी?"

बाई थोडी सरकली, परत टेकली. "राहू दे," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. एरवी जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला "मेली रे बाप्पा" म्हणणारी बाई! नईमने चोरून पाहिलं. बाईचे डोळे मिटले होते, आणि कायम कमरेवर दाबलेला तिचा हात मांडीवर सैल पडला होता.

पुढे घाटीच्या चढावर समोरून बैलगाडी आली म्हणून थांबावं लागलं. नेमकं तिथंच कुणीतरी मळणीचं तणस, धानाचा पेंढा, रस्त्यावर पसरलेलं, दवाने चिंब. जीप असती तर चाकं जागीच फिरली असती आणि खाली उतरून धक्का मारावा लागला असता. नईमने हळूच क्लच सोडला. चाक एकदा सटकलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी शहाण्यासारखी चढून गेली.

"पाह्यलं, शेठ?" सैफ म्हणाला.

नईमचा नुसता जळफळाट झाला. पण त्याच्याकडे एक हुकमी पान होतं. चंद्रपूरच्या अकरम मिस्त्रीने कधीतरी सांगितलं होतं, की ही घसरण थांबवणारी गाडी रेतीत मात्र गाढव होते. चाक फिरलं की इंजिनाचा जोरच कापते. सुकरीच्या गावाच्या अलीकडे एक नाला होता, गुडघाभर रेतीचा. त्याच्यावर चांगला पूल होता. नईमने पुलाआधीच गाडी खाली बैलबंडीच्या वाटेला घातली.

"अरे, पुलावरून काऊन नाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

"इकडून जवळ पडते," नईम म्हणाला. धडधडीत खोटं!

नाल्याच्या मधोमध गाडी रुतली. नईम ॲक्सिलरेटर दाबतोय आणि इंजिन ऐकतच नाही. पिवळा दिवा नुसता डोळे मिचकावतोय. सैफला त्या थंडीत घाम फुटला. त्या बिचाऱ्याला बटणाचं नाव पाठ होतं, काम नव्हे.

"हेच का ते कंट्रोल?" गुणवंतराव भडकले. "नईमभाऊ, तूच बरोबर होता. सोडू ही गाडी."

जिंकला होता नईम. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण तेवढ्यात बाईने डोळे उघडले. समोरच्या काठावर सुकरीच्या गावची घरं दिसत होती, धूर निघत होता.

"माहा पाय तितका चालत नाई," बाई हळूच म्हणाली. पोह्यांची पोटली तिने पोटाशी धरली. "राहू द्या. माणूस पाठवून हे पोहे तेवढे सुकरीले द्या. गाडी सोडून देऊन राह्यले त मंग आता काई तिची भेट नाई होत."

नईमला स्वतःची अशी शरम वाटली की मान वर होईना. काय माणूस आहोत आपण! नोकरीच्या भीतीपायी या म्हातारीला दोन वर्षांनी दारात आणून परत फिरवायचं?

"मालक," तो म्हणाला, "गाडीचा दोष नाई. मीच हिले मुद्दाम रेतीत घातली." आणि मग सगळंच भडाभडा बोलला. सुनीलचं बोलणं, आफ्रीनचं डी.एड., सगळं. "सीट बी कामाची हाये अन् कंट्रोल बी कामाचं हाये. घाटीत तणसावर मी हिले पाह्यली. घ्या गाडी. मले ठेवा नाई त नका ठेवू."

नईम उतरला, चाकं रेतीत रुतू नयेत म्हणून चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. परत बसून त्याने ट्रॅक्शनचं बटण शोधून दाबलं, कंट्रोल बंद केलं. दुसरा गिअर टाकून, पाय अगदी अलगद ठेवून, डावी-उजवी करत त्याने गाडी रेतीतून काढली आणि काठावर चढवली.

"हे बटण बंद बी करता येते?" सैफने तोंड वासून विचारलं.

"येते. पण कवा बंद कराचं, हे गाडीले नाई समजत," नईम म्हणाला. त्यात ताठा नव्हता. गुणवंतराव आरशातून त्याच्याकडे बघत होते.

गाडीचा आवाज ऐकून सुकरी काठी टेकत अंगणात आली. बाईला पाहून ती आधी खूप शिव्या घालू लागली आणि मग रडू लागली. दोन वर्षं कुठे मेली होतीस म्हणून! तिचेही गुडघे थंडीने धरले होते. बाईने तिचा हात ओढला. "ये, इथी बस. शेकोटीच हाये ही."

पुढे दोनच गरम सीटा. एकीवर बाई, मग दुसरी उरली ती नईमची. सुकरी "काय हे, काय हे" करत ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली, स्टेअरिंगवर पोह्यांची पोटली ठेवली, आणि दोघी म्हाताऱ्या बटणं चालू करून गप्पांना लागल्या.

नईम बाहेर उभा. गुणवंतराव हसले, "नईमभाऊ, तुझी जागा गेली रे!"

नईमलाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. बाईने काच खाली केली.

"नईमची जागा कोणी घेत नाई," तिने लेकाला दटावलं. "आता गाडी घेतलीच त दर महिन्याले मले इथी कोण आणन, तू? पूल सोडून नाल्यात घालणारा असला तरी नाल्यातून काढणारा तोच हाये." मग नईमकडे वळून म्हणाली, "पण नईम, दुपारपर्यंत तुझी सीट सुकरीले राहू दे."

"राहू द्या, बाई," नईम म्हणाला. "संध्याकाळपर्यंत राहू द्या." आणि तो उन्हाला बसून मफलर सोडू लागला.