शिगेचं माप

"बंद कर! भटू, पहिले इंजिन बंद कर!"

झुलालनाना ओरडले तशी भटूने चावी फिरवली. धुळ्याच्या आग्रा रोडवरचं ते पत्र्याचं गॅरेज एकदम गप्प झालं. भटू म्हणजे धरणगावच्या कापूसवाल्या घरातला हौशी गडी. घरच्यांची बोलणी खाऊन त्याने ही फियाट शर्यतीसाठी सजवली होती, आणि शर्यत उद्या सकाळी लळिंगच्या घाटात होती.

"नवं इंजिन शे नाना. आवाज बसी जाई."

बसणारा आवाज नव्हता तो. कढईत फुटाणे टाकावेत तसा तडतडाट होता. आत पेट्रोल वेळेआधीच भडकत होतं. घाटात जोर लागला की पिस्टनला भोक पडणार, हे नानांना लख्ख कळलं.

उभी हयात त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेली इंजिनं उघडली आणि मिटली होती. हे एकच त्यांच्या मनासारखं झालं होतं. मोठे पिस्टन बसवले, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून खाली आणलं. हवा-पेट्रोल साडेनऊ पट दाबलं जावं, एवढाच बेत होता. त्यापुढचा दाब आपल्याकडच्या पेट्रोलला सोसत नाही.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. पिस्टनची चाल दोनशे बहात्तर सीसी, तो वर आल्यावर उरणारी जागा बत्तीस. बेरीज करा, बत्तीसने भागा. साडेनऊच. मेला हिशेब कुठूनही पकडला तरी बरोबरच यायचा.

आता बत्तीस हा आकडा कुठून आला, ते भटूला ठाऊक नव्हतं. साखरेने नानांचे डोळे खाल्ले होते. गिऱ्हाइकांपुढे ते कानाने आणि बोटांनी वेळ मारून नेत. हेड उलटं ठेवून, त्यात सिरिंजने पाणी भरून जागा मोजायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गॅरेजचं दार लावून घेतलं होतं आणि बायकोला हाक मारली होती.

नाना मागच्या खोलीत गेले. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या.

"वच्छला, हेडमा पाणी कसं भरं व्हतं तू? कडालोंग?"

"कडालोंग कसाले? वर फुगस तठलोंग भरं," त्या जरा तोऱ्यातच म्हणाल्या. "एक थेंब सांडू नही दिधा. सपाट माप आपन कोनले देतस का?"

नाना पाटावर बसले. ग्रीस लागलेल्या कडेवर पाणी फुगून उभं राहिलं असणार, शिगेसारखं. चार-पाच सीसी तरी जास्त. म्हणजे खरी जागा सत्तावीस, आणि दाब अकरा पटीच्याही पुढे. त्यांना बायकोवर ओरडावंसं वाटलं. पण खळ्यावर बलुतेदारांना मापावर शीग चढवून दाणे देत वाढलेला हात तो, त्याला सपाट भर म्हणून सांगायचं त्यांनाच सुचलं नव्हतं.

"मनं काही चुकनं का?" पिठाचे हात तसेच धरून वच्छलाबाईंनी विचारलं.

"नही. मनं चुकनं."

बाहेर भटूने बॉनेट लावलं होतं. नानांनी त्यावर दोन्ही हात ठेवले.

"भटू, गाडी लई जाऊ नको. हेड उघाडू. एकावर एक दोन गॅस्केट टाकसूत, जागा वाढी जाई. संध्याकाळलोंग देस तुले."

"मोजेल शे ना तुम्ही? मंग आते काय व्हयनं?"

गॅस्केट खराब निघालं म्हणता आलं असतं. तसं म्हणायला नानांनी तोंडही उघडलं. पण नीट दिसत नसताना आपल्या हातून ते हेड संध्याकाळपर्यंत परत बसेल का, याचीच त्यांना खात्री राहिली नव्हती. आणि इंजिन फुटलेलं त्यांना सोसवणार नव्हतं.

"मी नही मोजं," ते म्हणाले. "माले दिखस नही रे भो. माप बाईनी लिधं."

भटू त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिला. मग रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या गॅरेजातली दोन माणसं घेऊन आला. गाडी त्याने सुरू केली नाही. तिघांनी ढकलत समोरच्या गॅरेजात नेली.

"मझारना बोल्ट पहिले कसजो, मंग कडेना!" नाना त्या दिशेने ओरडले. रस्त्यावरून ट्रक गेला. ऐकलं की नाही, कळलं नाही.

ते तिथेच उभे राहिले. उद्या सगळ्या धुळ्याला कळणार होतं. 

"नाना, हवा भरी द्या," स्कूटरवाला कुणीतरी म्हणाला.

नानांनी खाली बसून चाकाचा वॉल्व्ह चाचपला आणि दाबाच्या काट्याची नळी लावली. रोजच्यासारखं अंगठ्याने टायर दाबून अंदाज घेतला नाही. मान वळवून, स्कूटरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

"वच्छला, बाहेर ये. काटा कोठे उना, माले सांग."