शेवाळाचं गाणं

आपल्यावर गाणं रचलं जातंय हे सुन्नुवाला सगळ्यात शेवटी कळलं. ओढ्यावर ती आली की बायका गप्प व्हायच्या आणि पाठ फिरली की फिसकन हसायच्या, तेव्हाच तिला संशय आला होता. मग सासूने, बिल्लाने, लोकर विंचरता विंचरता सांगून टाकलं.

"दानियालने रचलंय. उपवासाचे दिवस लागायच्या आधीच्या शेवटच्या नाचात म्हणणार आहेत. तू आपली झोपून राहा. पोटात दुखतंय म्हणून सांगते मी."

"शेवाळाचंच ना?"

"दुसरं काय असणार गं?"

गेल्या उन्हाळ्यात टेकडीवरून सुन्नुवाला खाडीत काळ्या पाठी दिसल्या होत्या. तिने जिवाच्या आकांताने व्हेल आल्याची हाळी दिली. वाळत घातलेलं गवत टाकून सगळे पुरुष होड्यांकडे पळाले, भाले परजत धुक्यात शिरले आणि वाहत आलेल्या शेवाळाच्या ढिगाला जाऊन भिडले. तेवढ्यात पाऊस कोसळला नि गवत कुजलं. आधी गाव चिडला, मग हसायला लागला. चिडलेला गाव परवडला, असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

आम्हा फेरो बेटांवरच्या लोकांना नाचायला वाद्य लागत नाही. माणसं हात धरून रिंगण करतात, पाय आपटतात आणि गातात. ज्याच्यावर गाणं असेल त्याला दोन दांडगे गडी दोन्हीकडून धरतात, शेवटचं कडवं होईपर्यंत सोडत नाहीत. गावातला योआकिम एकदा त्यांच्या हातून निसटून खिडकीतून पळाला होता. त्याला आता नातवंडं झालीत, पण गाणं अजून त्याच्या दारावरून जाताना पोरं म्हणतात, आणि तो नाचाच्या घराची पायरी चढत नाही. पळालेल्याचं गाणं मरत नाही, हे सुन्नुवाला पक्कं ठाऊक होतं.

"मी जाणार," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मी नाही येणार बघायला."

"नका येऊ. पण मी जाणार म्हणजे जाणार."

त्या संध्याकाळी तिने चांगली शाल घेतली. नाचाच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. रोई आणि हानुस, तिच्या नवऱ्याचे, एलियासचे चुलतभाऊ, बाह्या सरसावून तिच्याकडे आले.

"चल वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस," रोई म्हणाला. "रीत आहे."

"रीत मला शिकवतोस? हात द्या, पण धरू नका. मी कुठे पळत नाहीये."

दोघांनी हात पुढे केले. ती आपणहून रिंगणात शिरली. दानियालने खाकरून घसा साफ केला. आवाज मात्र त्याचा सुरेल, ते कुणी नाकारणार नाही.

"सुन्नुवाने हाळी दिली, गवत टाकून धावली नाव,
भाले घेऊन शेवाळावर तुटून पडला अख्खा गाव!"

"धरा हात, उचला पाय, पाण्यात काळं काळं काय!" रिंगणाने धृपद उचललं. ज्याच्यावर गाणं तो गप्प राहतो, पण सुन्नुवा सगळ्यांहून मोठ्याने गायली. लोक खिदळले. कान तापले होते, तरी पाऊल चुकलं नाही. हे एवढंच असेल तर निभेल, असं तिला वाटलं. आणि दानियालने पुढचं कडवं घेतलं.

"बुडला एलियास, तरी ही अजून टेकडीवरती बघते वाट,
नवरा म्हणून हाका मारते, काळी दिसली की कुठली लाट!"

ते खरं होतं. त्याला बुडून तिसरं वर्ष चाललं होतं, मेंढ्या बघायच्या निमित्ताने ती टेकडीवर जायची आणि पाण्याकडे बघत बसायची. हे आपलं एकटीचं आहे, कुणाला माहीत नाही, असं ती समजून होती. भर घरात कुणी अंगावरचे कपडे फेडावेत तसं तिला झालं. धृपद तिच्याशिवायच झालं. पाय तेवढे पडत राहिले, पुढच्या कडव्यांतला एकही शब्द तिच्या कानात शिरला नाही.

गाणं संपलं. रोईने हात सोडला. "झालं वहिनी. सुटलीस."

"सुटले कशी? एक कडवं माझं म्हणायचं राहिलंय." तिने त्याचा हात परत घट्ट धरला. "दानियाल, पहिल्यापासून घे."

"अगं, झालं की आता. गंमत होती ती."

"गंमतच ना? मग घे."

तो घेईना, तेव्हा तिनेच पाय आपटून सुरू केलं. रिंगण अडखळलं, पण फिरू लागलं. आमच्या पायांना सवयच तशी आहे. या खेपेला सगळे तिच्यामागून म्हणत होते, पण गवतावर कुणी हसलं नाही. ते कडवं आलं तेव्हा एकेक आवाज गळत गेला. नुसती पावलं वाजत राहिली, आणि सुन्नुवा एकटी गायली. एलियासचं नाव तिने असं घेतलं, की मागे भिंतीशी उभे असलेल्यांनाही स्पष्ट ऐकू गेलं. आवाज कापला, पण तुटला नाही.

पुढचं कडवं तिने ऐकलंच नव्हतं, ते दानियालनेच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हं, गा की रे," सुन्नुवा म्हणाली. "मी इथेच आहे."