ओढ्याकाठची जागा

बाबांनी फळाला आलेलं वांग्याचं झाड मुळासकट उपटलं, माती झटकली आणि बांधावर आडवं ठेवलं.

"राहू द्या ना बाबा. उद्या मशीन येऊन सगळं सपाट करणारच आहे," मुलगी म्हणाली.

"लावली मी, काढतोही मीच."

ओढ्याकाठची ही जागा तशी महापालिकेची. पण भोवती इमारती उठायच्या आधीपासून बाबा तिथं भाजी लावत, आणि अर्धी गल्ली ती खात असे. पुढं मुलगी उद्यान खात्यात अधिकारी झाली. शहराला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. ओढ्याकाठी दाट वन करायचं ठरलं, तेव्हा आराखडा तिनंच काढला. भाजीला एखादा कोपरा सोडता आला असता. पण घरच्या माणसाची सोय बघितली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं तो सोडला नाही.

"आता तुम्ही आराम करायचा," ती बाबांना म्हणाली होती. "बसायला मस्त सावली होईल."

"वांग्यांना नाही गं सावली मानवत," बाबा हसून म्हणाले. पुन्हा विषय निघाला नाही.

वन खरंच छान झालं. पाखरं आली, आसपासच्या घरांतली उन्हाळ्याची तलखी कमी झाली. बाबा रोज तिथं फिरायला जाऊ लागले. परतल्यावर त्यांच्या नखांत माती दिसे. तिनं कधी विचारलं नाही.

एका दुपारी दुसऱ्या शहरातले अधिकारी वन बघायला आले होते. ती त्यांना झाडं दाखवत असताना रखवालदार धावत आला.

"मॅडम, एक म्हातारा झाडांमध्ये भोपळ्याचे वेल लावतो. आज हाती लागलाय."

फाटकाजवळच्या खोलीत बाबा स्टुलावर बसले होते. तिच्यामागून आलेल्या पाहुण्यांना बघून ते उठले. मग तिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

"चुकलं, मॅडम. पुन्हा नाही होणार."



"कोण हे?" एका पाहुण्यानं विचारलं.

"इथलेच आहेत," ती म्हणाली. "जाऊ द्या त्यांना."

बाबा मान खाली घालून निघून गेले. पाहुणे पाण्याच्या सोयीबद्दल विचारत राहिले आणि ती न अडखळता सांगत राहिली.

संध्याकाळी दार बाबांनीच उघडलं.

"बाबा, मघाशी मी..."

"पाहुण्यांना आवडलं का गं सगळं?"

"हो."

"मग झालं तर." ते तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

त्यानंतर बाबा ओढ्याकडे फिरकले नाहीत. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. घराचे तीन जिने मात्र पूर्वीसारखेच भराभर चढायचे.