मोरकंठी रेघ

हेमंत उतरला की कृष्णाकाठची पहाट दुधाळ होते. पाण्यावरून धुके उठते, उसाच्या पात्यांवर रेंगाळते, गुऱ्हाळांच्या वाफेत मिसळते आणि गावावर एक गोडसर, उबट, अर्धपारदर्शक पडदा सोडते. त्या पडद्याआड झाडे असतात आणि नसतात. माणसे आधी आवाजाने येतात, मग रूपाने.

अशा धूसरतेच्या काठावर, गावातल्या शेवटच्या घरात, कुमुदिनीबाई राहत होत्या. आणि त्यांच्या डोळ्यांतही एक धुके राहायला आले होते. मधोमध. जिकडे पाहावे नेमके तिथेच. चेहऱ्याकडे पाहिले की चेहरा पुसला जाई, कानाची पाळी उरे. जास्वंदीकडे पाहिले की फूल जाई, पाने उरत. डाग पसरत जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. कडा काही काळ राहतील. रंग मात्र हळूहळू एकमेकांत विरतील.

दिवाळीला त्यांची मुलगी ऋता घरी आली. शहरातल्या महाविद्यालयात ती प्रकाशशास्त्र शिकवी. मोजके बोले, मोजून पाही. फराळाच्या ताटांभोवती जुन्या गोष्टी निघाल्या, आणि त्यांतून निघाला दीप्तिशर.

दीप्तिशर म्हणजे एक शस्त्र. दूरदर्शन जेव्हा काळे-पांढरे होते, तेव्हा लागणाऱ्या एका अंतराळमालिकेतले. ऋताचे वडील भालचंद्रराव त्या मालिकेत ताऱ्यांचे राखणदार होते. अंगात रुपेरी रंग दिलेले कापड, डोक्यावर रुपेरी रंग दिलेले पातेले, हातात दीप्तिशर. चोरबत्तीची नळी, शिवणयंत्राची बॉबिन, टोकाला कुकरची शिट्टी. चाप ओढला की त्यातून काहीही बाहेर पडत नसे.

पडत असे फक्त भालचंद्ररावांच्या तोंडून. झुईंऽऽ. दर वेळी. नकळत. ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावी, दिग्दर्शक ओरडे, आणि राखणदार ओठ घट्ट मिटून पुन्हा नेम धरी. चाप ओढताच पुन्हा झुईंऽऽ.

प्रकाश नंतर येई. एका कोंदट खोलीत, एका तरुण स्त्रीच्या सुईच्या टोकातून. कुमुदिनीबाई फीत भिंगाखाली धरत आणि तिच्यावरचा काळा थर खरवडत. एक चित्र, एक ओरखडा. पुढचे चित्र, पुढचा ओरखडा. केसाएवढी बारीक, श्वासाएवढी हलकी रेघ, आणि ती रेघ चित्रामागून चित्र धावू लागली की तिचा बाण होई. नवरा नेम धरी, बायको तीर सोडी; मध्ये काही आठवड्यांचे अंतर.

“लाल होता तो किरण,” भालचंद्रराव चकली मोडत म्हणाले. “रक्तासारखा.”

“बाबा, टीव्ही काळा-पांढरा होता,” ऋता म्हणाली. आणि मग, स्वतःशीच चकित होऊन, “मला तर निळा आठवतो.”

“लाल नाही, निळा नाही,” कुमुदिनीबाई हसल्या. “मोरकंठी होता.”

नुसता ओरखडा पडद्यावर फार भगभगायचा, त्यांनी सांगितले. म्हणून त्यावर शाईचा पातळ हात फिरवावा लागे. शाई कुठलीही चाले. दिसायचे शेवटी करडेच. तरी त्या दोन दौती मिसळत आणि मोराच्या मानेचा रंग करत. नदीपलीकडच्या बाभळीत, त्यांच्या लहानपणी, मोर उतरत असत.

“पण कुणाला दिसणार होता तो?” भालचंद्ररावांनी विचारले.

“मला.”

त्या फितींचे पुढे काय झाले, कुणालाच ठाऊक नव्हते. दीप्तिशर कधीच हरवला होता. घरोघरच्या पडद्यांवरून धावलेला तो किरण आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, एका स्मृतीत. हाच तो, किंवा हा नव्हे, असे सांगू शकणारे डोळेही दोनच. आणि त्या डोळ्यांत धुके पसरत होते.

दिवाळी संपताच ऋता शहरात परतली. पण हेमंताच्या सुट्टीत ती आली, ती एक लाकडी पेटी घेऊनच. पेटीत भिंगे होती, पितळेची नळी होती, मखमलीत निजलेल्या काचेच्या पातळ चकत्या होत्या, आणि जुन्याच्या आठवणीने आणलेली बॉबिन आणि कुकरची शिट्टीही. खराखुरा दीप्तिशर घडवायचा होता. ज्याच्या तोंडून प्रकाश बाहेर पडेल असा. आईने ओळखावा असा.

खिडकीतले ऊन टेबलावर येई आणि टेबलावरून जाई. तिचे हात चालत राहत. मोराच्या मानेचा रंग देणारा एकच दिवा तिला कुठे मिळाला नव्हता. म्हणून तिने एक हिरवा किरण घेतला, एक निळा घेतला, आणि तिरप्या काचेवर त्यांची गाठ घातली. हिरवा काचेतून आरपार जाई, निळा काचेवरून वळे, आणि पलीकडे दोघे एका वाटेने चालू लागत. लागत, आणि जरा पुढे गेले की वेगळे होत, रुसल्यासारखे. ती काच केसभर हलवी. पुन्हा पाही. पुन्हा हलवी. त्या प्रकाशात कुणाला इजा करण्याचे बळ नव्हते. तरी नळीचे तोंड ती नेहमी कोऱ्या भिंतीकडेच ठेवी.

कुमुदिनीबाई शेजारी बसून बोटांनी पाहत. पितळ पाहत, स्क्रू पाहत, बॉबिनची कड पाहत.

“शिट्टी उलटी बसवलीस गं. असा भात शिजवशील तर छताला चिकटेल.”

“आई, हा कुकर नाहीये.”

“तेव्हाही नव्हता. पण शिट्टी सुलटी होती.”

ऋताने शिट्टी सुलटी केली.

आणि एका संध्याकाळी दोन्ही किरण एक झाले. ऋताने बैठकीची खोली झाडली, पुसली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. भिंगांवर धुळीचा कण बसू नये म्हणून हवासुद्धा तिने जणू गाळून घेतली. आईला खुर्चीत बसवले. वडील पाठीशी उभे राहिले. चाप ओढला गेला.

समोरच्या भिंतीवर एक ठिपका उमलला. मोरकंठी, तेजस्वी, टाचणीच्या डोक्याएवढा. नळीपासून भिंतीपर्यंत मात्र नुसता काळोख.

कुमुदिनीबाई भिंतीकडे पाहत होत्या. पाहताच त्यांच्या डोळ्यांतला डाग त्या ठिपक्यावर जाऊन बसला, आणि ठिपका विझला.

“सुरू केलंस का?” त्यांनी हळूच विचारले.

ऋताने ठिपक्याकडे पाहिले, मग आईकडे.

“अगं, काय दिसतोय! वा!” भालचंद्रराव मोठ्याने म्हणाले. “काय तेज, काय झळाळी!”

“खोटं बोलू नका हो. तुम्हाला अभिनय कधीच जमला नाही.”

“म्हणूनच डोक्यावर पातेलं घालायचे माझ्या.”

त्या हसल्या. मग हसणे थांबले आणि त्यांनी मांडीवरचे हात उलटे-सुलटे करून पाहिले, जणू सुई कुठे पडली ते शोधत. “माझी रेघ अशी लपायची नाही,” त्या म्हणाल्या. “थरथरायची. दर चित्रात हात जरासा हलायचा ना. पुष्कळदा वाटे, पट्टी लावून सरळ काढावी. पण मग ती मेल्यासारखी दिसायची.”

ऋताने दीप्तिशर मखमलीत ठेवला. पेटीचे झाकण तिने लावले नाही. लावले असते तर काहीतरी संपले असते.

पहाटे तिला जाग आली ती दूधवाल्याच्या स्कूटरने. ती दारात आली. धुके अंगणात शिरले होते, पायऱ्या चढून उंबऱ्याशी आले होते. आणि वळणावरून स्कूटर आली तेव्हा दिव्याच्या काचेपासून पुढे, हवेत, एक लांबच लांब सोनेरी सुळका उभा राहिला. धुके त्यातून वाहत होते. सुळका श्वास घेत होता.

ऋता थबकली. प्रकाश बाजूने दिसत नसतो. वाटेत कुणीतरी त्याला अडवावे लागते, चार दिशांना उधळावे लागते. धुळीने, धुराने, धुक्याने. दर वर्षी पहिल्याच तासाला ती हे शिकवी. आणि काल तिने प्रकाशाची वाट झाडून पुसून काढली होती.

तिने आईला शाल पांघरली. वडिलांनी उलटे स्वेटर घातले. तिघे नदीच्या उतारावर आले तेव्हा पूर्वेला अजून रंग नव्हता. पैलतीर नव्हता. पाणी नव्हते, नुसता पाण्याचा आवाज होता. ऋताने आईच्या हातात दीप्तिशर दिला, नळीचे तोंड निर्मनुष्य प्रवाहावर, वर, शुभ्र शून्याकडे वळवले, आणि तिचे बोट चापावर ठेवले.

“सरळ बघू नकोस, आई. बाबांकडे बघ.”

कुमुदिनीबाईंनी मान वळवली. भालचंद्रराव बाजूला उभे होते; त्या पाहताच ते डागात बुडाले. आधी डोळे गेले, मग ओठ, मग उलटे स्वेटर. ज्या चेहऱ्यासमोर जन्म गेला त्या चेहऱ्याच्या जागी मऊ, करडे, निःशब्द धुके उरले.

त्यांनी चाप ओढला.

आणि डोळ्याच्या अगदी कडेला, जिथे डाग अजून पोहोचला नव्हता, तिथे एक रेघ उगवली. केसाएवढी बारीक. श्वासाएवढी हलकी. धुके तिच्यातून वाहत होते आणि ती थरथरत होती, क्षणाक्षणाला पुसली जात होती, क्षणाक्षणाला पुन्हा ओढली जात होती, जणू कुणीतरी अजून भिंगाखाली वाकून, चित्रामागून चित्र, तिला खरवडत होते.

“झुईंऽऽ,” धुके म्हणाले, नकळत, भालचंद्ररावांच्या आवाजात.

कुमुदिनीबाईंचा हात हलला. रेघ हलली. त्या रडत होत्या की दव होते, सांगता आले नसते.

“हिरवा कणभर जास्त झालाय,” त्या म्हणाल्या. आणि मग, “पण हाच गं. हाच.”

डोळ्याची कड रंगाला कच्ची असते, हे ऋताला ठाऊक होते. आईला तो रंग दिसला, की आठवला, हे मोजण्याचे कुठलेही साधन तिच्या पेटीत नव्हते. वाकून, नखाच्या टोकाने स्क्रू फिरवत, तिने हिरवा कणभर कमी केला. आणि मग ती पाहत राहिली, पापणी न लववता, आता हा रंग तिलाही ओळखता यायला हवा म्हणून.

पूर्वेला उजाडत आले. पैलतीर आला, बाभळी आल्या, पाणी आले. धुके विरळ होत गेले आणि त्याबरोबर रेघही. आधी तिचे टोक गेले, मग तिचा मध्य, आणि शेवटी नळीच्या तोंडाशी, कुकरच्या शिट्टीवर, मोराच्या मानेचा एक थेंब तेवढा थरथरत राहिला, थरथरत राहिला, आणि उन्हात मिसळून गेला.