काचेआडचे ऊन

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे आणि माझा विश्वासघात झाला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पोटात ठेवून ठेवून आता माझ्याच्याने राहवत नाही.

एका म्हाताऱ्या कारागिराने वेत भिजवून, वाकवून मला विणले. मग मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. बाई दिवसभर आतल्या खोलीत दिव्याखाली मशीन चालवायच्या. त्याआधी स्वयंपाक आणि नंतरही स्वयंपाकच. ऊन त्यांना फक्त वाळलेल्या कपड्यांच्या वासातून कळायचे.

हळूहळू त्यांचे पाय, कंबर सगळेच ठणकू लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. औषध घ्या आणि रोज थोडं उन्हात बसत जा."

घर अगदी हौसेने कामाला लागले. वारा आणि धूळ नको म्हणून नवऱ्याने गॅलरीला काचा बसवून घेतल्या आणि मला तिथे आणून ठेवले. "घे, आता बस राणीसारखी!" ते म्हणाले. बाई रोज दुपारी माझ्यावर बसून बटणे लावू लागल्या. माझा वेत छान तापायचा. आल्यागेल्याला मला दाखवून घरचे सांगायचे, "हिच्यासाठी खास सोय केलीय." माझी छाती अभिमानाने फुगायची. एवढे ऊन मिळते म्हटल्यावर औषध कशाला, म्हणून बाईंनी तेही बंद केले.

पण दुखणे वाढतच गेले. मग घराचा सूर बदलला.

"रोज तासभर उन्हात बसतेस, तरी तुझं रडगाणं संपत नाही," नवरा म्हणाला.

"आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं," सासूबाई म्हणाल्या.

लेकसुद्धा म्हणाली, "आई, तू जरा जास्तच करतेस हं."

बाई माझ्यावर बसून स्वतःशीच पुटपुटल्या, "माझ्याच मनाचे खेळ असतील." मित्रांनो, ते ऐकून मला फार वाईट वाटले. त्यांचा सगळा भार मी पेलत होते. उठताना त्यांचे गुडघे कसे थरथरतात, हे मला ठाऊक होते.

एके दुपारी त्या माझ्या हातावर रेटा देऊन उठायला गेल्या, पण पायांनी साथ दिली नाही. त्या पडल्या आणि मनगट मोडले.

दवाखान्यातून परतल्यावर लेक खाली मान घालून सांगत होती, "डॉक्टर म्हणाल्या, काचेतून नुसती ऊब येते. ड जीवनसत्त्व ज्या किरणांमुळे तयार होतं, ते किरण काच अडवते. औषधही बंद करायला नको होतं."

जिला मी शेजारीण समजत होते, त्या काचेने मला इतके दिवस नुसते शेकत ठेवले होते! आणि घरच्यांनी? त्यांनी तर बाईंनाच खोटे ठरवले होते.

"काचा काढू या ना," लेक म्हणाली.

"धूळ येईल गं. रविवारी बघू," नवरा म्हणाला. तसे रविवार बरेच गेले.

आता बाई औषध नियमित घेतात. हात बरा झाल्यावर त्यांनी विचारले, "अहो, खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवता का? वर बसायला काही नाही."

"नंतर नेतो," ते म्हणाले. ते तेव्हा माझ्यावरच बसून वर्तमानपत्र वाचत होते.

बाईंनी पुन्हा विचारले नाही. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत त्या एकट्याच वर गेल्या. मी इथे काचेआड त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातली बाई "दुखतंय" म्हणाली, तर आधी तिचे खरे माना. आणि तिच्यासाठी आणलेली खुर्ची तिच्या आधी उन्हात पोचवा.